आधी पायऱ्या मोजा : सँटोरिनीच्या कड्यावर मुक्काम करताना

सँटोरिनीतल्या हॉटेलला पहिला ईमेल पाठवाल, तेव्हा त्यात सगळ्यात वर एकच प्रश्न लिहा : गाडी जिथे थांबते तिथून आमच्या खोलीपर्यंत किती पायऱ्या आहेत? भाडं, न्याहारी, सवलत यांचं नंतर बघता येईल. त्या बेटावरच्या नावाजलेल्या छोट्या, महागड्या हॉटेलांचा सगळा संसार एका उभ्या कड्यावर मांडलेला आहे. फोटोत निळं पाणी दिसतं, पांढरीशुभ्र गच्ची दिसते, गच्चीवर ठेवलेला न्याहारीचा ट्रेसुद्धा दिसतो. त्या गच्चीपर्यंत उतरणारा, कठडा नसलेला, प्रत्येक पायरी वेगळ्या उंचीची असलेला जिना मात्र फोटोत येत नाही. आईवडिलांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला हौसेने खोली घ्यावी आणि चारही दिवस आईने गुडघे धरून खोलीतच बसावं, ही गोष्ट काल्पनिक नाही. अशी कुटुंबं तिथे दर मोसमात दिसतात.

ग्रीसमध्ये बेटं पुष्कळ आहेत, आणि छोटी देखणी हॉटेलंही जवळपास प्रत्येक मोठ्या बेटावर आहेत. पण आपल्याकडून जाणाऱ्या बहुतेकांच्या मनात सँटोरिनीच असते. ती निवडायला सोपी आणि फसायलाही सोपी. म्हणून हा लेख तिच्यापुरता. यातलं बरंचसं मिलॉस, पारोस, फोलेगांद्रोस या बेटांनाही लागू पडेल.

हा कडा आला कुठून?

हे समजून घेतलं की खोली निवडणं निम्मं सोपं होतं. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी इथे ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला, बेटाचा मधला भाग खचला आणि त्या खळग्यात समुद्र शिरला. या खळग्याला काल्डेरा म्हणतात. उरलेलं बेट चंद्रकोरीसारखं आहे. कोरीच्या आतल्या बाजूला जवळजवळ तीनशे मीटर उंचीचे उभे कडे, बाहेरच्या बाजूला समुद्राकडे हळूहळू उतरत जाणारी शेतं आणि काळ्या वाळूचे किनारे. मधल्या पाण्यात नेआ कामेनी नावाचं काळं बेट दिसतं. तो अजून जिवंत असलेला ज्वालामुखी. त्याचा शेवटचा उद्रेक १९५० साली झाला.

कड्याच्या वरच्या थरात राख आणि सच्छिद्र दगड साचलेला आहे. आपली अजिंठा-वेरूळची लेणीही ज्वालामुखीच्याच दगडात आहेत, पण तो दगड कठीण, छिन्नीला दमवणारा. इथली राख मऊ. बेटावर लाकूड नाही आणि राख हवी तेवढी, म्हणून गरीब माणसांनी कड्यातच घरं कोरली. या कोरीव घरांना ग्रीकमध्ये 'इपोस्काफा' म्हणतात. ईया गावात जहाजांचे कप्तान वर सपाटीला दुमजली वाड्यांत राहत आणि खलाशी खाली कड्यातल्या गुहांत. ९ जुलै १९५६च्या भूकंपात यांतली कितीतरी घरं कोसळली, पन्नासच्या वर माणसं गेली, अनेक कुटुंबं बेट सोडून निघून गेली. सत्तरच्या दशकात ग्रीसच्या राष्ट्रीय पर्यटन संस्थेने ईयातली पडकी घरं दुरुस्त करून पाहुण्यांसाठी खोल्या करायला सुरुवात केली. आजची हॉटेलं त्या वाटेवरूनच आली. काही हॉटेलं दारू गाळायच्या आणि साठवायच्या तळघरांत आहेत. अशा तळघराला तिथे 'कानावा' म्हणतात, आणि 'कनावेस' या प्रसिद्ध हॉटेलाचं नाव त्यावरूनच पडलं आहे.

थोडक्यात, आपण रात्रीला पन्नास हजार रुपये मोजून खलाशाच्या घरात राहणार असतो. खोलीचे गुण आणि दोष दोन्ही त्या घरातूनच येतात. हे डोक्यात ठेवलं की हॉटेलच्या जाहिरातीतला प्रत्येक शब्द नीट वाचता येतो.

गाव कोणतं घ्यावं?

काल्डेराच्या काठावर ओळीने चार वस्त्या आहेत. बुक करताना गावाच्या नावात चुकू नका, कारण भाडं सारखं दिसलं तरी मुक्काम सारखा होत नाही.

फिरा ही बेटाची राजधानी. बसस्थानक, दुकानं, औषधाची दुकानं, संग्रहालय सगळं इथे आहे. बेटावरच्या सगळ्या बस इथूनच सुटतात. सोयीचं गाव, पण रात्री उशिरापर्यंत गजबज. तरुण मित्रमंडळींना चालेल, झोप हलकी असलेल्यांना नाही.

फिरोस्तेफानी हे फिराला लागूनच, दहा-पंधरा मिनिटं चालत. गर्दी कमी, दृश्य तेच. वडीलधारी सोबत असतील आणि तरी काल्डेरा हवाच असेल, तर इथे रस्त्याला लागून असलेली, कमी पायऱ्यांची खोली शोधा.

इमेरोविग्ली हा कड्याचा सगळ्यात उंच टप्पा. पूर्वी इथून चाच्यांवर नजर ठेवत. शांत, जोडप्यांना मानवणारं, वाऱ्याचं. रात्री जेवायला मोजक्याच जागा आहेत आणि त्याही महाग.

ईया हे उत्तर टोकावरचं गाव. इंग्रजी स्पेलिंग 'ओ'ने सुरू होतं म्हणून 'ओइया' म्हणू नका, बसवाल्याला कळणार नाही. सगळ्यात देखणं, सगळ्यात महाग आणि दुपारनंतर सगळ्यात गर्दीचं. फिरापासून अकरा किलोमीटर. पेरिवोलास, कातिकिएस, कनावेस ही मासिकांतून गाजलेली नावं इथलीच.

पाचवा पर्याय कोणी सुचवत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो : पिर्गोस किंवा मेगालोखोरी. ही बेटाच्या पोटातली जुनी गावं. द्राक्षमळे, चर्चचा चौक, संध्याकाळी ओट्यावर बसलेले आजोबा. इथल्या छोट्या हॉटेलांत त्याच पैशांत दुप्पट जागा मिळते. खोलीतून काल्डेरा दिसेलच असं नाही, पण गाडीने पंधरा-वीस मिनिटांत तिथे पोचता येतं.

'व्ह्यू' या शब्दाची फोड

हॉटेलवाले तीन वेगळे शब्द वापरतात आणि आपण तिन्हींचा अर्थ एकच धरतो. 'काल्डेरा व्ह्यू' म्हणजे कड्याच्या आतल्या बाजूचं, ज्वालामुखीकडे बघणारं दृश्य. पैसे याचेच असतात. 'सी व्ह्यू' म्हणजे बहुतेक वेळा बाहेरची, पूर्वेची बाजू. तिथून समुद्र दिसतो, सूर्योदयही दिसतो, पण ज्या फोटोवर भाळून तुम्ही निघालात तो दिसत नाही. 'सनसेट व्ह्यू' हा तिसरा आणि सगळ्यात फसवा शब्द.

सूर्यास्तासाठी ईया जगप्रसिद्ध आहे खरी, पण गाव उत्तर टोकावर असल्याने तिथल्या काल्डेराकडच्या बऱ्याच खोल्यांचं तोंड दक्षिणेला किंवा नैऋत्येला आहे. जून-जुलैत सूर्य वायव्येकडे मावळतो, म्हणजे गावाच्या पाठीमागे. खोलीच्या गच्चीतून कडे सोनेरी होताना दिसतील, सूर्य पाण्यात बुडताना दिसेलच असं नाही. त्यासाठी सगळ्यांबरोबर जुन्या किल्ल्याच्या पडक्या बुरुजावर जाऊन उभं राहावं लागेल. म्हणून 'सनसेट दिसतो का' एवढंच न विचारता, 'आम्ही अमुक महिन्यात येतोय, तेव्हा खोलीच्या गच्चीतूनच सूर्य समुद्रात मावळताना दिसतो का' असं विचारा. महिना लिहिला की उत्तर बदलतं.

चौथी गोष्ट कोणतंही हॉटेल आपण होऊन सांगत नाही : तुमच्याकडे कोण बघतं. कड्यावरची घरं एकावर एक रचलेली आहेत. एकाचं छत तेच दुसऱ्याचं अंगण. तुमच्या गच्चीतला छोटा तलाव वरच्या पायवाटेवरून जाणाऱ्या शेकडो लोकांना दिसत असेल, तर त्यात उतरायला संकोच वाटणारच. खोलीबरोबर खासगी तलाव मिळतोय म्हणून जास्त पैसे देण्याआधी तो वरून दिसतो का, हे विचाराच.

गुहेतली खोली : गुण, दोष आणि न्हाणीघर

कोरीव खोलीच्या भिंती जाड. उन्हाळ्यात आत गारवा राहतो, बाहेरचा आवाज येत नाही. कमानीचं छत, गुळगुळीत चुन्याचा हात, भिंतीतच केलेले कोनाडे, सगळं फार सुंदर दिसतं. पण घराला तोंड एकच. दारं-खिडक्या समोर, मागे डोंगर. मागचा भाग दिवसाही अंधारा, आणि हवा खेळती नसल्याने एप्रिल-मेमध्ये थोडा ओलसर वास येऊ शकतो. दमा असलेल्यांनी किंवा बंद जागेत जीव घाबरणाऱ्यांनी गुहेची खोली न घेता सपाटीवर बांधलेली खोली मागावी. दारं ठेंगणी असतात. उंच माणसांनी पहिल्या दिवशी डोकं सांभाळावं.

पलंग अनेकदा भिंतीतच बांधलेल्या कट्ट्यावर असतो. तो वेगळा होत नाही. दोन मैत्रिणी, बहिणी किंवा आई आणि मुलगा जाणार असतील, तर दोन स्वतंत्र पलंग मिळतील का, हे लेखी घ्या. तसंच न्हाणीघराचं. या हॉटेलांच्या सजावटीत न्हाणीघराला दार न देता नुसती काच, पडदा किंवा अर्धी भिंत ठेवायची फॅशन आहे. मधुचंद्राला ठीक, सासूबाई सोबत असताना नाही.

शौचालयाबद्दल स्पष्टच सांगायला हवं. बेटांवर बऱ्याच ठिकाणी सांडपाण्याचे पाइप अरुंद आहेत, म्हणून कागद कमोडमध्ये टाकायचा नसतो. शेजारी झाकणाची टोपली असते. महागड्या हॉटेलातही ही सूचना दिसली तर नवल वाटू देऊ नका. आपल्याकडचा जेट स्प्रे मिळेलच असं नाही. एक छोटा प्लास्टिकचा मग बॅगेत टाका. नळाचं पाणी समुद्राचं खारेपण काढून केलेलं असतं. पिण्यासाठी बाटलीच घ्या, आणि आंघोळीला पाणी जपून वापरा.

लहान मुलं असतील तर अजून एक गोष्ट बघा : गच्चीचे कठडे बुटके असतात, तलावाची कड कड्याच्या टोकाला असते. यामुळेच बरीच हॉटेलं ठरावीक वयाखालच्या मुलांना घेत नाहीत. ही अट बारीक अक्षरात लिहिलेली असते. बुकिंग करून पोचल्यावर ती कळली, तर पैसेही जातात आणि खोलीही.

कधी जावं?

कड्यावरची बहुतेक हॉटेलं एप्रिल ते ऑक्टोबर चालतात, हिवाळ्यात बंद असतात. म्हणजे नोव्हेंबरात येणारी दिवाळी आणि नाताळ हे आपले सुट्टीचे हंगाम इथे फारसे उपयोगाचे नाहीत. मुलांची मे महिन्याची सुट्टी मात्र छान जुळते. मेमध्ये रानफुलं असतात, गर्दी आटोक्यात असते, भाडंही भर मोसमापेक्षा कमी. फक्त समुद्र आणि तलाव गार असतात. गच्चीतला तलाव तापवलेला आहे का, हे न विचारता मेमध्ये जास्तीचे पैसे दिलेत, तर पाय बुडवून फोटो काढण्यापलीकडे त्याचा उपयोग नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये ऊन, गर्दी आणि 'मेल्तेमी' नावाचा उत्तरेचा जोरदार वारा असतो. या वाऱ्याने जहाजं रद्द होतात आणि गच्चीतल्या खुर्च्या सरकतात. १५ ऑगस्टला मरियमचा मोठा सण असतो; त्या आठवड्यात अर्धा ग्रीस बेटांवर उतरतो. तुमची निवड पूर्ण मोकळी असेल तर सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा घ्या. पाणी ऊबदार, वारा पडलेला, द्राक्षांची तोडणी नुकतीच संपलेली.

भूकंपाचा विचार मनातून काढून टाकू नका आणि धसकाही घेऊ नका. २०२५च्या जानेवारी-फेब्रुवारीत सँटोरिनी आणि आमोर्गोसच्या मधल्या समुद्रात हजारो धक्के बसले, दहा हजारांहून जास्त लोक काही आठवडे बेट सोडून गेले. १० फेब्रुवारीचा धक्का ५.३ तीव्रतेचा होता. नंतर धक्के ओसरले आणि मोसम सुरू झाला. आपण करायचं एवढंच : नैसर्गिक आपत्तीमुळे सहल रद्द झाली तर भरपाई देणारा विमा घ्यायचा, खोलीचं बुकिंग रद्द करता येणारं ठेवायचं आणि आणीबाणीसाठी ११२ हा क्रमांक लक्षात ठेवायचा.

पैशांचा हिशेब

मोसमात कड्यावरच्या चांगल्या खोलीला रात्रीचे चारशे-पाचशे युरो सहज लागतात, गाजलेल्या ठिकाणी हजाराच्या पुढे. याशिवाय ग्रीस सरकारचा हवामान-आपत्ती निधीसाठीचा कर असतो. २०२५पासून एप्रिल ते ऑक्टोबर या काळात तो पंचतारांकित हॉटेलात एका खोलीला एका रात्रीचे १५ युरो, चार ताऱ्यांच्या हॉटेलात १० युरो आणि तीन ताऱ्यांच्या हॉटेलात ५ युरो आहे. हा कर बहुधा ऑनलाइन दिलेल्या रकमेत नसतो. हॉटेलात वेगळा भरावा लागतो. चार रात्रींचे साठ युरो शेवटच्या दिवशी समोर आले की वाद घालू नका, तो हॉटेलने लावलेला भुर्दंड नाही.

कार्ड देताना यंत्रावर 'रुपयांत द्यायचे की युरोत' असं विचारलं जातं. नेहमी युरो निवडा. रुपये निवडले की दर यंत्रवाल्याचा लागतो आणि तो आपल्याला महागच पडतो. टूर कंपनीकडून परदेशी सहलीचं पॅकेज घेतलंत तर टीसीएस हा आगाऊ कर कापला जाईल. पावती जपा, विवरणपत्र भरताना ती रक्कम वळती करून घेता येते.

पैसे वाचवायचे असतील तर खोलीचा दर्जा उतरवू नका, रात्री उतरवा. पाच रात्री काल्डेरावर काढण्यात अर्थ नाही. तिसऱ्या दिवशी दृश्य सवयीचं होतं आणि बिल मात्र सवयीचं होत नाही. दोन रात्री कड्यावर, दोन रात्री पिर्गोसला किंवा जहाजाने दोनेक तासांवरच्या नाक्सोसला, हा हिशेब बहुतेक कुटुंबांना परवडतो आणि आवडतोही. नाक्सोसला वाळूचे लांबलचक किनारे आहेत आणि मुलांना मोकळं सोडता येतं.

बुकिंग साइटवरचा भाव बघितल्यावर थेट हॉटेललाही लिहा. वीस-पंचवीस खोल्यांच्या हॉटेलात बऱ्याचदा मालक किंवा त्यांच्या घरातलंच कोणीतरी उत्तर देतं. भाव तोच ठेवून न्याहारी, विमानतळावरून गाडी किंवा उशिरा खोली सोडायची मुभा मिळू शकते.

व्हिसा आणि वाट

ग्रीस शेंगेन गटात आहे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. उन्हाळ्याची मुलाखतीची वेळ मिळायला उशीर लागतो म्हणून दोन-तीन महिने हाताशी ठेवा. शुल्क प्रौढांना ९० युरो, सहा वर्षं पूर्ण ते बारा वर्षांखालच्या मुलांना ४५ युरो. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. व्हिसा हातात येईपर्यंत खोली 'नॉन-रिफंडेबल' दराने घेऊ नका. दहा टक्के वाचवायच्या नादात शंभर टक्के गेल्याची उदाहरणं आहेत.

अथेन्सहून सँटोरिनीला विमानाने पाऊण तास लागतो. जहाजाने जायचं तर अथेन्सच्या पिरेयस बंदरातून मोठं जहाज सात-आठ तास घेतं, वेगवान बोट पाचेक तास. विमानतळावरून पिरेयसला मेट्रो थेट जाते. समुद्र लागत असेल तर मोठं जहाज बरं. ते कमी हेलकावतं आणि डेकवर उभं राहता येतं. परतीचं मुंबईचं विमान ज्या दिवशी असेल, त्याच्या आदल्या रात्री अथेन्सला येऊन राहा. वारा किंवा संप, दोन्ही ग्रीसमध्ये सांगून येतात, पण थांबत नाहीत.

बेटावर उतरल्यावर टॅक्सी मिळायची मारामार असते, म्हणून हॉटेलची गाडी आधीच सांगून ठेवा. गाडी वरच्या रस्त्यावर थांबते. तिथून हॉटेलचा माणूस बॅगा खांद्यावर घेऊन उतरतो. त्याच्या खांद्याचा विचार करून बॅग भरा : माणशी एक मध्यम बॅग, आणि औषधं, पासपोर्ट, एक कपड्यांचा जोड असलेली पाठीवरची छोटी सॅक. सामान वाहणाऱ्याला दोन-चार युरो हातावर ठेवा, त्याने ते मेहनतीने कमावलेले असतात.

जुन्या बंदरातून फिराला येणाऱ्या वाटेला सुमारे ५८८ पायऱ्या आहेत आणि तिथे गाढवं उभी असतात. रोपवेने या. गाढवांच्या हालांवरून इतकी ओरड झाली की २०१८ साली ग्रीसने त्यांच्या पाठीवरच्या वजनाला कायद्याने मर्यादा घातली.

खाण्याची सोय

शाकाहारी माणूस सँटोरिनीत उपाशी राहत नाही, फक्त शब्द माहीत हवेत. 'फावा' म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरण. वर कांदा, केपर आणि ऑलिव्ह तेल. ही डाळ विदर्भातल्या लाखोळीची चुलत बहीण आहे, आणि सँटोरिनीच्या फावाला युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन आहे. 'तोमातोकेफ्तेदेस' म्हणजे तिथल्या छोट्या, गोडसर टोमॅटोची भजी. पण नुसतं 'केफ्तेदेस' लिहिलं असेल तर ते मांसाचे गोळे असतात, हे विसरू नका. 'गेमिस्ता' म्हणजे भरलेले टोमॅटो-मिरच्या. कधी नुसत्या भाताच्या, कधी खिम्यासकट, म्हणून विचारून घ्या. 'नीस्तीसिमो' म्हणजे उपासाचं, असं म्हटलंत तर वेटर अंडं, दूध, मांस टाळतो. मात्र ग्रीकांच्या उपासाला कोळंबी आणि ऑक्टोपस चालतात!

न्याहारी बहुतेक ठिकाणी गच्चीत आणून देतात. ती भरपेट असते, तिचा वेळ सावकाश घ्या. खोलीत स्वयंपाक करता येत नाही, पण गरम पाण्याची किटली असते. चिवडा, मेतकूट, शंकरपाळे, कोरडी चटणी न्यायला हरकत नाही. पेढे, खव्याची मिठाई, तूप मात्र नेऊ नका : युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आत नेता येत नाहीत. वाईन घेणाऱ्यांनी 'असिर्तिको' चाखावी. वाऱ्यापासून वाचवण्यासाठी या वेली जमिनीलगत टोपलीसारख्या वळवून वाढवतात.

राहाल तेव्हा

दिवसाची घडी थोडी बदला. जहाजांतून आलेले दिवसभराचे पाहुणे साधारण दहा ते पाच गल्ल्या भरून टाकतात. सकाळी सात वाजता ईयाच्या गल्ल्यांत तुम्ही आणि मांजरं एवढेच असता. तेव्हा हिंडा. दुपारी खोलीत या. जाड भिंतींचे पैसे त्यासाठीच दिलेत. एक दुपार फिराच्या प्रागैतिहासिक संग्रहालयात घालवा. अक्रोतिरी या राखेखाली गाडल्या गेलेल्या गावात स्पिरिदोन मारिनातोस यांनी १९६७ साली उत्खनन सुरू केलं. तिथे सापडलेलं निळ्या माकडांचं भित्तिचित्र या संग्रहालयात ठेवलं आहे. काही संशोधकांनी अलीकडे असं मांडलं आहे की ती माकडं आपल्या भारतीय उपखंडातली लांब शेपटीची वानरं असावीत. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या भिंतीवर ओळखीची शेपटी बघायला मजा वाटते.

फोटोसाठी छतावर किंवा चर्चच्या घुमटावर चढू नका, ती कोणाची तरी घरं आणि देवळं आहेत. फोनही हळू आवाजात घ्या. कमानीच्या छताखाली आवाज घुमतो आणि खालच्या गच्चीवर जातो. दोन शब्द शिकून जा : सकाळी 'कालिमेरा', आभाराला 'एफखारिस्तो'. आणि एक सावधगिरी : ग्रीकमध्ये 'ने' म्हणजे होय. 'खोली तयार आहे का?' असं विचारल्यावर समोरचा 'ने' म्हणाला, तर मालवणी माणसासारखं 'नाय' समजून सोफ्यावर बसून राहू नका.

बुकिंगआधी विचारायचे प्रश्न

१. गाडीच्या रस्त्यापासून खोलीपर्यंत आणि खोलीपासून न्याहारीच्या जागेपर्यंत किती पायऱ्या आहेत? जिन्याला कठडा आहे का?
२. खोलीचं तोंड कुठल्या दिशेला आहे? आम्ही येतोय त्या महिन्यात सूर्यास्त गच्चीतूनच दिसतो का?
३. गच्ची आणि तलाव वरून किंवा शेजारून दिसतात का? तलाव तापवलेला आहे का?
४. खोली गुहेतली की बांधलेली? न्हाणीघराला दार आहे का? पलंग वेगळे होतात का?
५. मुलांच्या वयाची अट काय?
६. कर, न्याहारी आणि बंदर-विमानतळाची गाडी भाड्यात धरली आहे का?
७. बुकिंग कोणत्या तारखेपर्यंत पूर्ण परताव्यासह रद्द करता येतं?

उत्तरं फोनवर घेऊ नका, ईमेलवर लेखी घ्या आणि प्रिंट पासपोर्टसोबत ठेवा. चांगलं हॉटेल या सातही प्रश्नांना एका दिवसात, आकड्यांसकट उत्तर देतं, कारण त्यांच्या माणसांनी त्या पायऱ्या रोज मोजलेल्या असतात. आणि जे हॉटेल 'थोड्याशाच पायऱ्या आहेत' एवढंच लिहून पाठवतं, ते कितीही सुंदर असलं तरी यादीतून काढून टाका.